४५ हजारांचा करिअर कोच घ्यावा का?

पत्र

ताई, मी ३१ वर्षांची, एम.कॉम. सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत २०१८ पासून नोकरीला आहे, २०१९ पासून कर्ज विभागात. पद ज्युनिअर ऑफिसर, हातात २८ हजार येतात. बढतीची यादी संचालकांच्या नात्यागोत्यापासून सुरू होते आणि बहुतेक तिथंच संपते. मला खाजगी बँकेत किंवा एनबीएफसीत (बँक नसलेल्या कर्ज कंपनीत) क्रेडिटला, म्हणजे कर्ज तपासून मंजूर करणाऱ्या विभागात, जायचंय. दीड वर्ष ऑनलाइन अर्ज टाकतेय. दोनच फोन आले, दोन्ही विमा विकायच्या नोकरीचे.

इन्स्टाग्रामवर पुण्याच्या एका ‘फायनान्स करिअर कोच’ची जाहिरात दिसली. तीन महिन्यांचा प्रोग्रॅम, ४५ हजार अधिक जीएसटी, ‘पाच मुलाखती गॅरंटीड’, ईएमआयची सोय. फुकटच्या पहिल्या कॉलवर ते छान बोलले. म्हणाले, तुमचं पद आपण ‘असिस्टंट मॅनेजर – क्रेडिट’ असं लिहू, म्हणजे अर्ज वर येईल. नवरा कुपवाड एमआयडीसीत आहे, तो म्हणतो घे. सासरे म्हणतात, घराचं कर्ज स्टाफच्या दरानं मिळालंय, गप बस. मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळं सांगली-मिरज, फार तर कोल्हापूर. काय करू?

– विश्रामबागहून एक वाचक

उत्तर

हे पॅकेज घेऊ नका. ४५ हजारांचं नंतर बघू, मला आधी ते ‘असिस्टंट मॅनेजर’ खटकलं.

खाजगी बँका नोकरी देताना बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात. एजन्सीचा माणूस तुमच्या बँकेच्या प्रशासन विभागाला मेल टाकतो: पद काय, कधीपासून, पगार किती. रुजू झाल्याची तारीख ईपीएफओच्या नोंदीत असते, पद पगारपत्रकावर आणि रिलिव्हिंग लेटरवर असतं. कागद एक सांगतायत आणि रेझ्युमे दुसरंच, असं दिसलं की ऑफर मागं घेतात, आणि तोवर तुम्ही इथला राजीनामा देऊन बसलेल्या असता. शिवाय तुम्ही मागताय ती नोकरीच मुळी समोरच्यानं कागदावर लिहिलंय ते खरं की फुगवलेलं हे ताडण्याची. पहिल्याच फोनवर, तोही फुकटच्या, ज्या माणसानं तुम्हाला खोटं लिहायला सुचवलं, त्याच्याकडून पुढचे तीन महिने काय शिकणार?

आता ‘पाच मुलाखती गॅरंटीड’. नोकरीच्या बाजारात कोण कुणाकडून पैसे घेतो हे एकदा नीट समजून घ्या. रिक्रुटमेंट कन्सल्टंट असतो, त्याला फी कंपनी देते. आपल्याकडं सर्रास चालणारा दर वार्षिक सीटीसीच्या (कंपनी माणसावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तो उमेदवाराकडून पैसे घेत नाही. घ्यायला लागला तर फोन ठेवा. करिअर कोच तुमच्याकडून पैसे घेतो, म्हणजे तो तुमची तयारी करून घेऊ शकतो, रेझ्युमे तपासू शकतो, मुलाखतीची तालीम करून घेऊ शकतो. कंपनीत कुणाला बोलवायचं हे त्याच्या हातात नसतं. मग गॅरंटी कशाची देतो? तर अशाच मुलाखतींची, जिथं कुणालाही बोलावतात. विमा कंपनीची सेल्सची भरती, बँकेसाठी नवी खाती आणणाऱ्या कासा टीमची वॉक-इन, क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एजन्सीची भरती. तसले दोन फोन तुम्हाला एक रुपया न देता आलेले आहेत.

पैशाचंही सांगते. ४५ हजारांवर १८ टक्के जीएसटी ८,१०० रुपये, एकूण ५३,१००. तुमचा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. जीएसटी लावतायत तर त्यांना नंबर हवा. तो मागून घ्या आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाका. नोंदणी कुणाच्या नावे, कधीची, चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. कर्जदाराचं तुम्ही हेच तपासता. आणि ‘ईएमआयची सोय’ म्हणजे बऱ्याचदा तुमच्या नावावर एखाद्या एनबीएफसीचं कर्ज. फी कोचला एकरकमी मिळते, क्लास आवडला नाही, मधेच बंद पडला, तरी हप्ते तुमच्याच खात्यातून जातात. ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाचा दर, खर्च आणि अटींचा कागद, मागायला तुम्हाला मी शिकवायला नको. एक हप्ता चुकला तर सिबिलवर येणार, आणि बँका माणूस घेताना त्याचा सिबिल बघतात. क्रेडिटच्या खुर्चीसाठी तर बघणारच.

इथपर्यंत ‘नको’चं झालं. आता तुमचं मुख्य दुखणं.

पत्रासोबत तुम्ही रेझ्युमे जोडलाय. त्यात सहा वर्षांच्या कर्ज विभागातल्या कामावर तीन ओळी आहेत: कर्ज विभागात काम केले, कागदपत्रांची पूर्तता केली, एमएस ऑफिसचे चांगले ज्ञान. त्याखाली छंद म्हणून वाचन आणि रांगोळी. हा रेझ्युमे वाचून मीसुद्धा तुम्हाला विम्याच्याच नोकरीला फोन केला असता.

पण पत्राचा जो मोठा भाग मी वर छापलेला नाही, त्यात संचालकांवर चिडून तुम्ही जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर गणपती पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या गोदामांत तुम्ही स्वतः गेलात. नजरगहाण दिलेला, म्हणजे व्यापाऱ्याच्याच ताब्यात ठेवून बँकेला तारण दिलेला, माल किती भिजला, किती वाचला, स्टॉक स्टेटमेंटमध्ये लिहिला होता तेवढा मुळात होता का, याचा पाहणी अहवाल तुम्ही केलात. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं जुळवलीत, कोणत्या खात्याला मुदतवाढ द्यावी आणि कोणतं खातं पुरामागं लपतंय, हे टिपणीत लिहिलंत. आणि ‘सही मात्र साहेबांची’ म्हणून तुम्ही हा विषय दोन वाक्यांत संपवलाय! अहो, हे क्रेडिटचं काम आहे. रेझ्युमेत याचा एक शब्द नाही.

तेव्हा पहिलं काम, कोच असो वा नसो: एक रविवार काढा आणि आजवर हाताळलेल्या प्रकरणांची यादी करा. कर्जदारांची नावं लिहायची नाहीत, बँकेची एकही फाइल मोबाइलवर घ्यायची नाही. फक्त प्रकार आणि आकडे. हळदीचे व्यापारी किती, बेदाण्याचे किती, कुपवाडचे लघुउद्योग किती, कॅश क्रेडिटची (लागेल तसा पैसा उचलायच्या कर्जाची) मर्यादा साधारण किती लाखांपासून किती लाखांपर्यंत, त्यातली किती खाती एनपीए झाली. मग ‘कर्ज विभागात काम केले’ खोडून लिहा: ‘हळद व बेदाणा व्यापारी आणि लघुउद्योगांच्या कॅश क्रेडिट प्रकरणांत ताळेबंदाचे विश्लेषण, मर्यादा निश्चिती व मंजुरी टिपणी, दरमहा स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर काढणे, गोदाम व कोल्ड स्टोरेजमधील मालाची प्रत्यक्ष तपासणी.’ (ड्रॉइंग पॉवर म्हणजे मालाच्या किमतीवरून आत्ता किती पैसा उचलता येईल तो आकडा, हे तुम्हाला नाही, बाकीच्या वाचकांसाठी.) मग पुराची एक ओळ. इंग्रजीत करताना मंजुरी टिपणीला क्रेडिट अप्रेझल मेमो लिहा, कारण एचआरवाल्यांचं सॉफ्टवेअर तेच शब्द शोधतं. पद ज्युनिअर ऑफिसरच राहू द्या. त्यानं काही बिघडत नाही.

मुलाखतीत काय होईल तेही सांगते, मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे. समोरचा विचारणार, कॅश क्रेडिटची मर्यादा कशी काढता? तुम्ही म्हणाल, टर्नओव्हर पद्धतीनं, अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २० टक्के. एक कोटीची विक्री, वीस लाखांची मर्यादा. तो विचारणार, वीसच का? इथं पाठांतर करून आलेले गप्प होतात. नायक समितीच्या सूत्रात विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरलंय, त्यातले ५ टक्के धंदेवाल्यानं स्वतःचे घालायचे, २० बँकेनं द्यायचे. २५ टक्के म्हणजे पैसा तीन महिन्यांत फिरून परत येतो असं गृहीत. एवढं सांगितलंत तरी बरं.

पण तुम्ही सांगलीच्या आहात, तिथं थांबू नका. बेदाणा साधारण जानेवारी ते एप्रिल तयार होतो, तासगाव-सांगलीच्या कोल्ड स्टोरेजला लागतो आणि दिवाळीपर्यंत, पुढंही, हळूहळू विकला जातो. हळद शिमग्याच्या आगेमागे मार्केट यार्डात येते आणि दराची वाट बघत गोदामात पडते. या व्यापाऱ्याचा पैसा तीन महिन्यांत कुठला फिरतोय? मार्च-एप्रिलला त्याची मर्यादा तुडुंब असणार, नोव्हेंबरला खातं रिकामं. वर्षाच्या विक्रीवर २० टक्के ठोकून दिले तर हंगामात त्याला पैसा कमी पडतो आणि तो बाहेरून व्याजानं उचलतो. उलट हंगाम संपल्यावरही मर्यादा तेवढीच ठेवली तर तो पैसा प्लॉटमध्ये जातो. हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पुण्याहून आलेल्या एमबीएला हे इथं दोन हंगाम काढल्याशिवाय कळत नाही, आणि सांगली, तासगाव, विटा भागात कर्ज वाटणाऱ्या एनबीएफसीला नेमकं हेच कळणारा माणूस हवा असतो. तुमचा भाव इथं आहे, पदाच्या नावात नाही.

जे येत नाही तेही मान्य करून कामाला लागा. तुमची बँक तारण बघून कर्ज देते, एनबीएफसी बऱ्याचदा जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट वाचून देते. हप्ता पगाराच्या किंवा उत्पन्नाच्या किती टक्क्यांपर्यंत पेलतो ते बघतात, त्याला फॉयर म्हणतात. हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे, फार अवघड नाही. एक्सेलमध्ये पिव्होट आणि लूकअप सराईतपणे यायला हवं. आयआयबीएफ या बँकिंगच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची जेएआयआयबी परीक्षा द्या. त्यासाठी तुमची बँक संस्थेची सभासद आहे का ते आस्थापनेत विचारा. त्याच संस्थेचा क्रेडिटचा वेगळा सर्टिफिकेट कोर्सही आहे. या परीक्षा काही हजारांत होतात, आणि रेझ्युमेवर त्यांचं नाव दिसलं की क्रेडिट हेड ओळखतो. कोचच्या प्रमाणपत्राला तो ओळखत नाही.

नोकरी शोधताना नावाला भुलू नका. ‘रिलेशनशिप मॅनेजर’, ‘बिझनेस क्रेडिट ऑफिसर’ अशा पाट्यांखाली निम्म्या वेळा सेल्सच असतं. फोन आला की तीन गोष्टी विचारा. टार्गेट लॉगिन (किती अर्ज आणले) आणि डिस्बर्समेंटचं (किती कर्ज वाटलं) आहे का? रिपोर्टिंग क्रेडिट हेडला की ब्रँचच्या सेल्स मॅनेजरला? मंजुरीचा अधिकार स्वतःचा किती लाखांपर्यंत? समोरचा आढेवेढे घ्यायला लागला तर ती सेल्सची जागा. पीडीसाठी, म्हणजे कर्जदाराच्या दुकानात-घरी जाऊन बोलायला, रोज फिरावं लागेल. ते खऱ्या क्रेडिटच्या नोकरीतही आहे. मुलीच्या शाळेच्या वेळा धरून किती लांबच्या तालुक्यापर्यंत जमेल हे नवऱ्याशी आत्ताच बोलून ठेवा. त्यानं ‘घे’ म्हटलंय ते बहुतेक कोचपुरतं.

आणि अर्जांच्या पोर्टलवर दीड वर्ष घालवलंत, ते आता पुरे. तुमच्या बँकेतून एनबीएफसीत गेलेले दोघं-तिघं तरी असतीलच, त्यांना भेटा. कर्जदारांचे सीएमए डेटा, म्हणजे कर्जाच्या अर्जासोबतचे आर्थिक तक्ते, बनवणारे सीए तुमच्या टेबलावर रोज येतात, त्यांची प्रत्येक बँकेच्या क्रेडिट मॅनेजरशी ओळख असते. मात्र जपून. सांगली केवढीशी! सकाळी एका सीएच्या ऑफिसात बोललेलं संध्याकाळी संचालकाच्या कानावर असतं. ज्याचं तुमच्या बँकेत कर्जाचं काम अडकलंय त्याच्यापाशी तर हा विषय काढूच नका, तो शब्द टाकेल आणि नंतर वसूल करेल.

याच कारणासाठी मला कोच पूर्णपणे टाकाऊ वाटत नाही. बाहेरगावचा, तुमच्या बँकेशी देणंघेणं नसलेला माणूस, ज्याच्यासमोर मोकळेपणानं तालीम करता येते, त्याला किंमत आहे. तुम्ही लिहिलंय की इंग्रजीत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. आपल्याकडच्या मराठी माध्यमातल्या निम्म्या हुशार मुलींचं हेच आहे, आणि हे वाचून जात नाही, बोलूनच जातं. आधी मोबाइलवर रेकॉर्ड करा: एका प्रकरणावर दोन मिनिटं, कर्जदार काय करतो, किती मागितले, काय तपासलं, काय ठरवलं, का. रोज एक प्रकरण. पंधरा-वीस झाली की मग कोचकडून तासावर दोन-तीन मॉक इंटरव्ह्यू विकत घ्या. पॅकेज नाही, तास.

कोच निवडताना बघायचं एवढंच की तो स्वतः कधी कर्ज देणाऱ्या संस्थेत क्रेडिटला होता का. भारतात करिअर कोच व्हायला कुठलाही परवाना लागत नाही, उद्या मीही पाटी लावू शकते. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन नावाची संस्था आहे, तिची एसीसी ही पहिली पायरी मिळवायला किमान १०० तास कोचिंगचा अनुभव लागतो, त्यावरच्या पीसीसीला ५०० तास. असं प्रमाणपत्र असलेला माणूस प्रश्न चांगले विचारतो, तुम्हाला काय हवंय ते तुमच्याच तोंडून काढतो. पण ड्रॉइंग पॉवर म्हणजे काय हे त्याला ठाऊक असेलच असं नाही, आणि तुम्हाला काय हवंय हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. म्हणून तुमच्या बाबतीत निवृत्त किंवा नोकरी बदललेला क्रेडिटवाला बरा, प्रमाणपत्र नसलं तरी. सहकारी बँकेतून खाजगीत गेलेल्या एका-दोघांशी बोलणं करून द्या म्हणावं. पहिल्या तासाला तुमच्या टिपणीतली चूक त्यानं दाखवली तर दुसरा तास घ्या. नुसतं ‘आत्मविश्वास ठेवा’ म्हणाला तर हात जोडा.

राहिले सासरे. त्यांचं ‘गप बस’ सोडून द्या, पण मुद्दा सोडू नका. समजा ४ लाख ८० हजारांच्या सीटीसीची ऑफर आली. घरी सगळे म्हणणार, महिना ४० हजार! हिशेब मांडा. १५ टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) म्हणजे ७२ हजार बाजूला काढा, ते मिळाले तर मिळाले. उरले ४ लाख ८ हजार. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना १,८०० नं २१,६०० आणि ग्रॅच्युइटीचे नऊ-दहा हजार धरलेले असतात. मग तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी २१,६०० आणि व्यवसाय कर २,५००. हातात महिना २९ हजारांच्या आसपास पडतात. आज २८ येतात. त्यात स्टाफच्या दरानं घेतलेलं घरकर्ज समजा १२ लाख बाकी आहे आणि नोकरी सोडल्यावर दर अडीच टक्क्यांनी वाढला, तर वर्षाला ३० हजार, महिन्याला अडीच हजार जास्त व्याज. म्हणजे ४ लाख ८० हजारांवर उडी मारलीत तर तुम्ही खालीच आलात. तुमच्यासाठी आकडा निदान सहा लाखांच्या पुढं हवा, आणि व्हेरिएबल त्यात किती हे विचारूनच हो म्हणायचं.

ग्रॅच्युइटी मात्र तुमच्या बाजूनं आहे, पाच वर्षं कधीच झालीत. शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्याला १५ नं गुणून २६ नं भागायचं, गुणिले वर्षं. मूळ आणि महागाई मिळून २० हजार असतील तर सात वर्षांचे साधारण ८० हजार. राजीनामा देताना तो अर्ज विसरू नका. आणि सेवक पतसंस्थेत तुम्ही कुणाला जामीन आहात, तुम्हाला कोण जामीन आहे, ते बघा. नोकरी सोडणाऱ्याला जामीनदार बदलून द्यायला सांगतात आणि तिथं महिना-महिना रिलिव्हिंग अडकतं.

घरकर्जाचं मंजुरीपत्र कपाटातून काढून नीट वाचा: राजीनाम्यानंतर व्याजदर काय, कर्ज चालू राहतं की ठरावीक मुदतीत फेडावं लागतं, नोटीस पिरिअडचं सेवानियमांत काय लिहिलंय. घरीच वाचा. बँकेत विचारलंत तर दुपारच्या चहाला सगळ्या विभागाला कळेल की मॅडम चालल्या.